बावीस बरण्या आणि एक चूक

आमच्या ह्यांना कोळ्यांची भीती वाटते. म्हणजे जाळी करणाऱ्या, आठ पायांच्या कोळ्यांची. तशी ती पुष्कळांना वाटते, त्यात मुद्दाम सांगण्यासारखं काही नाही. पण आमचे हे छत्तीस वर्षं एका संग्रहालयात कोळ्यांची लेबलं लिहीत होते, म्हणून सांगते.

संग्रहालय मेलेल्या प्राण्यांचं. मोठे पेंढा भरलेले, लहान बरण्यांत, स्पिरिटमध्ये बुडवलेले. विभागप्रमुख मॅडम चिठ्ठीवर मजकूर देणार, हे तो जाड पांढऱ्या कार्डावर काळ्या शाईने, निबने उतरवणार, आणि स्टोअरकीपर ते कार्ड बरणीखाली नेऊन चिकटवणार. अशी पद्धत. अक्षर असं की लोक बोट फिरवून बघायचे, छापलेलं तर नाही ना. ह्या पद्धतीत आमच्या ह्यांना बरणीचं तोंड बघायची वेळच आली नाही. कोळ्यांच्या दालनातून जावंच लागलं तर छताकडे बघत जायचे. लोकांना वाटायचं, काय विचारी माणूस आहे!

मला हे कळलं ते लग्नानंतर तिसऱ्या आठवड्यात. बाथरूममधून हाक आली, "अगं, जरा येतेस का?" आवाज इतका बारीक की मला वाटलं शेजारचं मूल रडतंय. जाऊन बघते तर हे उलट्या बादलीवर उभे, अंगाला टॉवेल, डोळे गच्च मिटलेले. खिडकीच्या कोपऱ्यात एक कोळी, बोटाच्या पेराएवढा. मी पेला घेतला, त्याखाली पुठ्ठा सरकवला आणि त्याला बाहेरच्या झाडावर सोडून आले. हे अजून बादलीवरच.

"जाळं कसं होतं?" डोळे मिटूनच विचारतात. "गोल, चाकासारखं? की नुसता गुंता?"

"गोल."

"मधोमध बसला होता? डोकं खाली करून?"

"हो."

"मग तो चक्रजाळी कोळ्यांच्या मोठ्या कुटुंबातला असणार. तीन हजारांवर जाती आहेत त्यांच्यात," हे म्हणाले.

मी म्हटलं, "असू देत. आधी बादलीवरून उतरा."

उतरले, आणि पहिलं वाक्य काय, तर "ऑफिसात कुणाला बोलू नकोस हं." मी नाही बोलले. माहेरी बोलले, पण ते ऑफिस नव्हे.

तर असा हा माणूस. कोळी कधी धड पाहिलेला नाही, पण कोळ्यांबद्दल लेबलावर मावेल तेवढं सगळं तोंडपाठ. जेवताना सुरू व्हायचे. चाकाचे आरे असतात ना, तसे धागे कोळ्याची मादी आधी ताणते, ते कोरडे. मग त्यावर गोलगोल फिरत चिकट धागा घालते. स्वतः चालते कोरड्यावरून, म्हणून अडकत नाही. आणि रोजच्या रोज जुनं जाळं खाऊन टाकून नवं विणते. मी म्हणायची, "बघा, तिच्या घरात शिळं काही उरत नाही. आणि तुम्ही तीन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर काढू देत नाही." त्यावर हे म्हणायचे, "त्याची मागची बाजू कोरी आहे."

घरातल्या डब्यांवरही ह्यांचीच लेबलं. 'मीठ (बारीक)', 'मीठ (जाडं)'. एकदा मी घाईत बारीक मीठ जाड्याच्या डब्यात ओतलं, तर दोन दिवस माझ्याशी मोजून मापून बोलत होते. चुकीचं लेबल म्हणजे ह्यांच्या लेखी खोटं बोलण्याचीच जात. भिंतीवरच्या पाटीत चूक दिसली की हे दुकानात शिरून सांगणार, आणि मी चार पावलं पुढे जाऊन ह्यांना ओळखत नसल्यासारखी उभी राहणार.

ह्यांना खरा छळला तो सोनेरी जाळ्याच्या कोळ्याने. ह्याचं जाळं उन्हात पिवळं चमकतं म्हणे. हे नोकरीला लागले तेव्हा तो चक्रजाळी कोळ्यांच्या कुटुंबात होता. चार वर्षांनी शास्त्रज्ञांनी ठरवलं, छे, हा लांब जबड्यांच्या कोळ्यांचा नातलग. झालं, सगळी लेबलं नव्याने. पुढे ठरलं, ह्याचं कुटुंबच वेगळं. पुन्हा लेबलं. आणि निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना निकाल आला की तो पहिल्याच घरचा होता! त्या दिवशी हे घरी आले, चपला काढल्या आणि खुर्चीत बसून राहिले. "चार वेळा लिहिलं," म्हणाले, "आणि चारही वेळा बरोबर लिहिलं." मी म्हटलं, "मग झालं तर." पण कोळी दोन सासरं करून माहेरी परतला ह्याचं मला राहून राहून हसू येत होतं, ते मी भाजी ढवळत दाबलं.

आता मुख्य गोष्ट सांगते.

निवृत्तीच्या महिन्यात संग्रहालयात एक नवी खोली तयार झाली, फक्त चक्रजाळी कोळ्यांची. अकरा जाती, प्रत्येकीची एक मादी आणि एक नर, अशा बावीस बरण्या. बुधवारी अकराला उद्घाटन, आणि त्याच कार्यक्रमात ह्यांना निरोप. मॅडमनी मानपत्र तयार केलं होतं. त्यात एक ओळ होती: 'छत्तीस वर्षांच्या सेवेत यांच्या हातून एकही चूक झाली नाही.' मॅडमनी ती ह्यांना आधीच दाखवली. ह्या माणसाने आयुष्यात स्वतःचं कौतुक कधी केलं नाही, पण ती ओळ मला जेवताना सांगितली, चहा पिताना सांगितली, आणि दिवा मालवताना पुन्हा सांगितली. बाहेरच्या खोलीत भिंतीवर पेन्सिलीने खूणही केली, चौकट कुठे लावायची त्याची. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू? दुसरं काही मिळालं नव्हतं ह्यांना. बढती नाही, की काही नाही.

आणि नेमका स्टोअरकीपर रजेवर गेला. त्याची मुलगी बाळंत झाली, जुळं झालं, तो आनंदाने पळतच गेला. मॅडम परगावी, त्या बुधवारी सकाळी दहाला परतणार. जाताना ह्यांच्या हातात किल्ली आणि यादी देऊन गेल्या. "बरण्या तेवढ्या तुम्हीच मांडा. तुमच्याइतकं बिनचूक कोण करणार?"

सोमवारी संध्याकाळी हे घरी आले ते भिंतीचा चुना तोंडाला लावल्यासारखे. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाले, "उद्या सुट्टी आहे संग्रहालयाला. तू येतेस का माझ्याबरोबर?"

गेलो. लेबलं फळीच्या कडेला ह्यांनी सुरेख चिकटवली. बरण्या खोक्यात होत्या, प्रत्येकीच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेला नंबर. मग हे भिंतीकडे तोंड करून यादी वाचायला लागले, "नंबर बारा, वरची फळी, डावीकडून पहिली," आणि मी बरणी उचलून ठेवायला लागले. तासाभरात काम झालं. हे म्हणाले, "मी पहारेकऱ्याकडे जाऊन चहा पिऊन येतो, मला जरा मोकळ्या हवेची गरज आहे," आणि गेले.

मी एकटी उरले आणि कमरेवर हात ठेवून सगळं नीट न्याहाळलं. आणि मला धक्काच बसला. 'मादी' लिहिलंय तिथे अंगठ्याएवढी धिप्पाड बाई, आणि शेजारी 'नर' लिहिलंय तिथे तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी. सगळ्याच फळीवर हाच प्रकार. मी म्हटलं, हे शक्य नाही. ही तर पिल्लं! स्टोअरकीपरने नातवंडांच्या गडबडीत नंबर बांधताना घोळ घातलाय, आणि उद्या नाव जाणार आमच्या ह्यांचं.

मग काय, मी पदर खोचला. मोठ्याशेजारी मोठा, लहानाशेजारी लहान, अशा जोड्या लावल्या. पिवळी, पट्ट्यापट्ट्यांची, नटलेली दिसली की तिला मादीच्या जागी ठेवलं. काळपट, केसाळ, कपाळाला आठ्या असल्यासारखा दिसला की नर. काटेवाला एक होता, त्यालाही नर केलं, स्वभावावरून. शेवटी एक मोठी आणि एक बारकं उरलं, तिथे माझा नाइलाज झाला, ती विजोड जोडी आहे तशीच राहू दिली. मग ते मळके दोरे. उद्घाटनाच्या खोलीत बरण्यांच्या गळ्यात दोरे लोंबताहेत, शोभतं का? कात्रीने सगळे कापले आणि केरात टाकले. केराची गाडी दारातच उभी होती. काचा पुसल्या. खोली अशी लखलखली की काय सांगू.

हे परत आले. छताकडे बघितलं आणि म्हणाले, "वा, छान झालं."

संध्याकाळी जेवायला बसलो. हे खुशीत. दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली. म्हणाले, "तुला एक गंमत सांगू? ह्या कोळ्यांत मादी एवढी मोठी आणि नर एवढा लहान असतो की नवख्याला वाटावं पिल्लूच आहे."

माझा घास हातातच राहिला. "किती लहान?"

"बहुतेकांत निम्म्याहून कमी. सोनेरीवालीचा नर तर तिच्या पाचव्या-दहाव्या हिश्श्याएवढा. तिच्याच जाळ्याच्या कडेला बसतो आणि तिने पकडलेल्यातलं खातो."

एरवी ह्यावर मी ह्यांना सोडलं नसतं. पण त्या दिवशी मी ताट बाजूला सारलं. आणि सगळं सांगितलं. पिल्लं, जोड्या, आठ्या, दोरे, केराची गाडी, सगळं.

हे ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं, मीही दोन शब्द सुनावले असते. नुसतं विचारलं, "किती बरण्या?"

"बावीस. म्हणजे वीस. शेवटची जोडी तशीच आहे."

"ती एकच बरोबर आहे," हे म्हणाले आणि हात धुवायला उठले.

मी मागोमाग गेले. "अहो, मॅडमना फोन करू या. त्या एका नजरेत ओळखतील."

"करू. मग त्या विचारतील, तुमची बायको तिथे काय करत होती? बरण्या तुम्ही का नाही मांडल्या?"

छत्तीस वर्षं झाकलेली भीतीही बाहेर येणार होती आणि मानपत्रातली ती ओळही जाणार होती. आणि दोन्ही माझ्या आगाऊपणामुळे. आपण फार शहाण्या, असं मला वाटत आलंय आयुष्यभर. त्या संध्याकाळी नाही वाटलं.

बुधवारी सकाळी सातलाच आम्ही संग्रहालयाच्या दारात. ह्यांनी यादी आणली होती, मॅडमच्या टेबलावरून भिंग घेतलं. बेत असा होता की मी बघून वर्णन करायचं आणि ह्यांनी भिंतीकडे तोंड करून ओळखायचं. बाथरूमच्या कोळ्याला चालला होता तो प्रकार.

"हं, सांग."

"हिचं पोट मोठं आहे."

"सगळ्यांचंच असतं. पुढे?"

"जरा नाराज दिसते."

"अगं, खुणा सांग! पायांवर केसांचे झुपके आहेत का? अंग लांबट आहे का? पाठीवर काटे किती?"

"थांबा, चष्मा पुसते. झुपके... हो. नाही, ती सावली आहे. वरच्या मजल्यावरच्या वहिनी आहेत ना, त्यांच्यासारखी ठेवण आहे बघा."

"वहिनींची जात यादीत नाही!" हे भिंतीला म्हणाले.

अर्धा तास गेला आणि एकही बरणी ओळखून झाली नाही. मला रडू यायला लागलं, तेही मी ह्यांना दिसू दिलं नाही, म्हणजे हे तसेही भिंतीकडेच बघत होते. मग ह्यांनी यादी घडी करून खिशात ठेवली. शर्टाच्या बाह्या वर केल्या. मागे हात केला आणि म्हणाले, "भिंग दे."

"अहो, नको. चक्कर येईल."

"दे म्हणतो ना!"

वळले. डोळे मिटलेले. मी ह्यांचा दंड धरला, तर भिंग बरणीच्या काचेवर टकटक आपटत होतं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पण मला वाटलं, ह्याला उचलून घरी न्यावं. हळूच एक डोळा उघडला. मग दुसरा. मला वाटलं, आता पडणार.

"आठ डोळे," हे म्हणाले. अगदी हलक्या आवाजात. "दोन ओळींत. चार वर, चार खाली. अगं, मी बरोबर लिहिलं होतं."

मग मात्र थांबले नाहीत. घामाने शर्ट भिजला, तरी एकेक बरणी हातात घेत होते. डोक्यावर चंदेरी लव, पोटावर पिवळे पट्टे, ही जाळ्यात फुलीसारखी नक्षी काढणारी. पाठीवर सहा काटे, कवच टणक, ही काटेरी मादी. मी जिला स्वभावावरून नवरा केलं होतं, तीच. पोटाला मागे शेपटासारखा उंचवटा, ही जाळ्यात कचऱ्याची ओळ लावून त्यात दडणारी. आणि ती बारकी? त्यांच्या तोंडाजवळच्या दोन आखूड अवयवांची टोकं बोंडासारखी फुगलेली होती. "हे बघ, ही नराची खूण. वयात आलेल्या नराची," हे मला भिंगातून दाखवत होते. "पिल्लं म्हणे!" दाण्याएवढे दहा संसारी गृहस्थ मी पाळण्यात घातले होते.

दहाला पाच मिनिटं कमी असताना विसावी बरणी जागेवर गेली. आम्ही दोघं जमिनीवरच बसलो. ह्यांचा चेहरा उतरलेला होता पण डोळे उघडे होते, आणि छताकडे नव्हते. बाहेर मॅडमचा आवाज आला. त्या आत आल्या, फळीवरून नजर फिरवली, म्हणाल्या, "वा! एकदम बिनचूक." मी मनातल्या मनात हात जोडले. सुटलो! कुणाला काही कळलं नाही, कळणारही नव्हतं.

अकराला सभागृह भरलं. संचालक मानपत्र वाचायला उभे राहिले. आवाज छान होता त्यांचा. 'छत्तीस वर्षांच्या सेवेत यांच्या हातून एकही चूक झाली नाही' इथे आले, टाळ्या सुरू झाल्या, आणि आमच्या ह्यांनी शाळेतल्या मुलासारखं बोट वर केलं.

"साहेब, ते चुकीचं आहे."

टाळ्या थांबल्या. संचालकांना वाटलं वर्षं चुकली. "पस्तीस का?"

"वर्षं छत्तीसच. पण काल माझ्या वीस बरण्या चुकीच्या जागी लागल्या होत्या. आज सकाळी नीट केल्या. चुकीचं लिहिलेलं मला भिंतीवर लावता यायचं नाही." मग छताकडे न बघता पुढे म्हणाले, "आणि मला कोळ्यांची भीती वाटते. पहिल्या दिवसापासून. आज सकाळी मी कोळी पहिल्यांदा नीट पाहिला."

मागे कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळंच सभागृह हसलं. आणि माझं डोकं असं फिरलं म्हणता! माझ्या नवऱ्याला हसता? मी उभी राहिले. "त्यांची नाही चूक!" मी ओरडलेच. "बरण्या मी हलवल्या. मला वाटलं ती पिल्लं आहेत!" आता तर लोक बाकांवर आडवे झाले. मॅडमनी डोळे पुसले आणि ह्यांना विचारलं, "मग मी कुणाची चूक लिहू?"

हे माझ्याकडे बघत म्हणाले, "किल्ली माझ्याकडे होती, मॅडम. माझी लिहा."

"तुम्हीच लिहा," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याएवढं सुरेख अक्षर इथे कुणाचं आहे?" आणि कागद-पेन पुढे सरकवलं. ह्यांनी साधं पेन बाजूला केलं, खिशातली निब काढली, शाई मागवली, आणि सगळ्या सभागृहाला दहा मिनिटं ताटकळत ठेवून ती ओळ नव्याने लिहिली.

ते मानपत्र आता बाहेरच्या खोलीत, पेन्सिलीच्या खुणेवर बरोबर लागलेलं आहे. आलंगेलं वाचतं: 'छत्तीस वर्षांच्या सेवेत यांच्या हातून एक चूक झाली.' हसतात आणि विचारतात, "कुणी केली हो ही चूक?" मी तोंड उघडायच्या आत हे पेपरातून मान वर न काढता म्हणतात, "मी." बारीक मीठ जाड्याच्या डब्यात गेलेलं ज्याला खपत नाही, त्या माणसाने जन्मात एवढी एकच खोटी ओळ लिहिली, आणि ती माझ्यासाठी.